वीस मिनिटं काचेच्या नळीकडे बघत

पावसाळा लागला की मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री-अपरात्री जीप येऊन थांबते आणि उतरणारा माणूस एवढंच सांगतो, "पान लागलंय." म्हणजे साप चावलाय. कुणाचा हात भाताच्या बांधावरच्या गवतात गेलेला असतो, कुणी जळणाच्या ढिगातून लाकूड ओढलेलं असतं, कुणी अंधारात गोठ्याकडे अनवाणी निघालेलं असतं. जावळी तालुक्यातलं हे गाव वेण्णेच्या काठी, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. वर केळघरचा घाट, पलीकडे कोयनेचा शिवसागर. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तर आधी लाँचने पाणी ओलांडावं लागतं, मग रस्ता.

सोबत आलेल्यांना वाटतं, आता लगेच इंजेक्शन द्यावं. डॉक्टर आधी बघत बसतात, आणि त्या बघण्यातच अर्धा उपचार आहे असं मला तिथे बसून पटलं.

पहिलं काम सिस्टरचं. बांगड्या, अंगठी, पैंजण काढायचे, कारण पाय किंवा हात सुजला की तेच काचतात. गावात कुणीतरी दोरी करकचून आवळलेली असते. ती आल्या आल्या ओढून सोडत नाहीत. शिरेत सलाईन चालू होतं, औषधं हाताशी येतात आणि मग डॉक्टरांसमोर गाठ सुटते. नाहीतर अडवून धरलेलं विष एकदम अंगभर जाऊ शकतं. दोरी बांधायलाच नको होती. पायाला काठी किंवा फळी लावून, मोडलेल्या हाडासारखा तो स्थिर ठेवून, माणसाला चालू न देता आणलं असतं तरी पुष्कळ होतं.

मग काचेची नळी. कोरी, स्वच्छ, कोरडी आणि काचेचीच. प्लास्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. साबणाने धुतलेली नळीही फसवते. त्यात शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त घालून ती स्टँडमध्ये उभी करायची आणि घड्याळ बघायचं. वीस मिनिटं कुणी तिला हात लावायचा नाही, हलवून बघायची नाही. नातेवाइकांना ही वीस मिनिटं असह्य होतात. वेळ भरली की नळी एकदाच तिरपी करायची. गाठ जागेवर राहिली तर ठीक. पाण्यासारखं रक्त ओघळलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची ताकद संपवलेली असते. या तपासणीला ना यंत्र लागतं, ना वीज. मला ती आपल्या ग्रामीण वैद्यकातली फार मोलाची गोष्ट वाटते. पहिली नळी गोठली म्हणून सुटका होत नाही. पहिले तीन तास दर तासाला आणि पुढे दर सहा तासांनी ती पुन्हा लावतात. म्हणून चावा कितीही किरकोळ वाटला तरी चोवीस तास थांबवून घेतात.

नाग आणि मण्यार यांचं विष नळीत दिसत नाही, ते पापणीत दिसतं. पहाटे आलेला एक तरुण मला आठवतो. रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात कळ आणि उलटी. घरच्यांना पित्त वाटलं. अंगावर दाताची खूण नाही, सूज नाही, आग नाही. मण्यार अशीच चावते. झोपेतल्या माणसाला बहुधा कळतही नाही. डॉक्टरांनी त्याला मान न हलवता वर बघायला सांगितलं. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. जीभ बाहेर काढ, उशीवरून डोकं उचल, एका श्वासात आकडे मोज. आकडे लवकर अडले. पोटदुखीचा केसपेपर तिथेच सर्पदंशाचा झाला.

सापाची लस म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेने ती कित्येक वर्षं बनवली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर ती चालते. आपल्या डोंगरातल्या हिरव्या चापड्यावर नाही. सुरुवातीला साधारण दहा बाटल्या सलाईनमधून तासाभरात जातात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. शेजारी अॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवलेली असते. अंगाला खाज सुटली, गांध्या उठल्या, दम लागला, की लस थांबवून ती मांडीत द्यायची.

त्या तरुणाचा श्वास उथळ होत गेला. घशात नळी घालून अँब्यू बॅग सुरू झाली, १०८ची रुग्णवाहिका आली आणि साताऱ्याच्या सिव्हिलपर्यंत रस्ताभर कुणी ना कुणी ती रबरी पिशवी दाबत राहिलं. मण्यारीच्या रुग्णाला बरेचदा हाच उपचार तारतो. विष उतरेपर्यंत त्याच्या वतीने श्वास घेत राहायचा. तो वाचला.

घाटापलीकडे महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या बाबतीत असंच आधी बघत बसण्याचं काम केलं. ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून घाम, थंडगार हातपाय, रक्तदाब टिपत राहिले. त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला, 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या डोंगरातलं वैद्यक असं खाटेजवळ घडलेलं आहे.

तरीही २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं गेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक खेड्यातले, आणि पुष्कळ जण दवाखान्यात पोचलेच नाहीत. काहींना मारुतीच्या देवळात ठेवलं जातं, काहींना देवऋषाकडे नेलं जातं. बिनविषारी साप चावलेला माणूस तिथेही बरा होतो आणि देवऋषाचं नाव वाढतं. दुसरा घोटाळा शिकलेल्यांचा. जवळचा दवाखाना ओलांडून ते थेट मोठ्या शहरातल्या दवाखान्याकडे गाडी हाकतात, आणि लस चालू होऊ शकली असती तो तास रस्त्यावर जातो.

तेव्हा जावळीकरांनो, जो दवाखाना सगळ्यात जवळ आहे तिथेच आधी थांबा. साप मारून आणू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. आणि पावसाळ्यात पहाटे घरातलं कुणी पोट दुखतंय म्हणालं आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर पित्ताची गोळी देऊन उजाडण्याची वाट बघू नका. १०८ लावा.