पिवळा आकडा, पांढरा आकडा

शिकागोत रेड लाइनच्या गाडीनं ॲडिसन स्टेशनला उतरलं की हाकेच्या अंतरावर रिग्ली फील्ड. चहूबाजूंनी राहती वस्ती, आणि समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवरही तिकीट काढून बसलेले प्रेक्षक. हे बेसबॉलचं मैदान 1914 साली उघडलं, 1916 पासून ते शिकागो कब्ज संघाचं घर आहे. मला मात्र इथला धावफलक बघायचा होता.

सेंटरफील्डच्या उघड्या बाकांच्या डोक्यावर तो उभा आहे. रंग हिरवा, उंची 27 फूट, रुंदी 75 फूट. 1937 साली बिल व्हेक या तरुणानं तो उभारून घेतला आणि त्याच वर्षी आउटफील्डच्या विटांच्या भिंतीवर वेलही चढवली. चेंडू त्या वेलीत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. पानांत हात घालून शोधत बसला, तर खेळ चालूच राहतो!

मी तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसलो होतो. बॉल, स्ट्राइक, आउट हे दुरून, विजेवर बदलतात. पण धावांचे आकडे अजूनही माणसंच हातानं लावतात. ती शिडीनं फलकाच्या पोटात चढतात आणि उन्हाळ्यात त्या तापलेल्या पोलादी खोक्यात सामनाभर राबतात. चालू इनिंगचा आकडा पिवळा. इनिंग संपली की त्या चौकटीतला पत्रा निघतो, क्षणभर नुसता काळा चौकोन दिसतो, आणि मग तोच आकडा पांढरा होऊन परत येतो. आता तो बदलायचा नाही. मुंबईतल्या कांगा लीगच्या क्रिकेट सामन्यांत पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या काळ्या चौकोनाकडे बघताना काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. शेजारी मोठे व्हिडिओ पडदे आलेत, पण माझी नजर तिकडे फारशी गेलीच नाही.

17 मे 1979 ला इथे वारा मैदानाबाहेरच्या दिशेनं सुटला होता, आणि टोलवलेले चेंडू त्याच्याबरोबर बाहेर जात होते. फिलाडेल्फियानं कब्जविरुद्धचा तो सामना 23-22 असा जिंकला. त्या दिवशी फलकाच्या आतल्या माणसांचे हात किती भरून आले असतील!

कब्जचे रात्रीचे सामने इथे 1988 पर्यंत नव्हतेच. दिवे बसवण्यासाठी आणलेलं सामान 1941 साली पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर युद्धाच्या कामाला देऊन टाकलं होतं. आणि कब्जला 1908 नंतरचं विजेतेपद मिळायला 2016 उजाडलं. तेव्हा लोक खडू घेऊन आले आणि मैदानाच्या बाहेरच्या भिंतींवर त्यांनी नावं लिहिली: हा दिवस न बघता गेलेल्या आजोबांची, आयांची, वडिलांची. भिंती हात पोचेल तिथवर भरून गेल्या.

सामना संपला की फलकावर निशाण चढतं. जिंकले तर पांढऱ्यावर निळा डब्ल्यू, हरले तर निळ्यावर पांढरा एल. गाडीतून घरी जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही पद्धत पडली. आम्ही फलाटावर पोचलो तेव्हा निशाण पांढरं होतं. निकाल सगळ्यांच्या फोनवर होताच, तरी गाडी सुटताना डब्यातली माणसं खिडकीकडे वळली.