साड्यांचं कुंपण आणि गुलाबी तळं

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनजच्या आसपास पावसाळ्यात फिरलं की वावरांच्या धुऱ्यावर साड्या ताणलेल्या दिसतात. जांभळ्या, पोपटी, मोठ्या फुलांच्या, जरीचा काठ अजून चमकणाऱ्या. रोही आणि रानडुकरं सोयाबीनमध्ये शिरू नयेत म्हणून काठ्या रोवून हे कुंपण केलेलं असतं. घरच्या साड्या पुरल्या नाहीत तर जुन्या विकत आणतात. बाहेरगावची गाडी इथे हमखास थांबते, फोटो निघतात आणि गाडी पुढे जाते. ज्याचं वावर आहे तो या साड्यांचा फोटो काढत नाही. त्यात काढण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटतं.

तो जिथे थांबेल ती जागा वेगळी. कालपर्यंत ताठ असलेली साडी आज मधेच लोंबते आहे, खाली मातीत खूर उमटले आहेत, म्हणजे रोही इथून आत आला. पाहुण्याला हे दिसणार नाही, कारण काल काय होतं ते त्याला माहीत नाही. रोजच्या परिसरातल्या अनपेक्षित दृश्यांबद्दल बोलताना हा फरक सहसा निसटतो. आपल्याकडे ‘नजर’ म्हणून जिचं कौतुक होतं ती बहुतेक वेळा पाहुण्याची असते. माझं मत असं की चकित होण्याचा खरा हक्क राहणाऱ्याचा आहे, आणि तो बजावायची आपल्याला सवय नाही.

याचा मोठा पुरावा शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात आहे. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेलं हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यातलं खारं, अल्कधर्मी पाणी शेवाळामुळे एरवी हिरवट दिसतं. त्या आठवड्यात तिथे पर्यटक नव्हते. विवराच्या काठावरून फोटो काढले ते आसपासच्यांनी, हातातल्या मोबाइलवर. हिरवं पाणी ज्याला पाठ आहे त्यालाच गुलाबी पाणी बातमी वाटणार. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला तर लोणारचं पाणी असंच असतं असं वाटून गेलं असतं! फोटो पसरले, वन विभागाने पाण्याचे नमुने घेतले, ते पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या ‘नीरी’कडे गेले. दरम्यान नासाच्या उपग्रहाच्या चित्रांतही रंगातला बदल दिसला. मे अखेरीचं तळं हिरवं होतं, १० जूनचं गुलाबी.

कारण निघालं हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, तो या जीवांना मानवला आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात पसरलं. नमुन्याची बाटली स्थिर ठेवली की जीव तळाशी बसत आणि वरचं पाणी नितळ होई. पूर्वीही कधी कधी तळ्यावर हलकी गुलाबी झाक यायची, असं सांगणारे लोक तेव्हा पुढे आले. त्या वेळचे फोटो हाताशी असते, तर किती वर्षांनी, किती पाणी आटल्यावर असं होतं हे पडताळून पाहता आलं असतं. ‘नेहमीचंच आहे’ म्हणून फोटो न काढण्याचं नुकसान ते हेच.

दुसरा प्रसंग तर विदर्भातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये अजून असेल. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची रात्र. आठच्या सुमाराला आकाशात जळत्या तुकड्यांची एक रांग आडवी सरकत गेली. उल्का इतकी हळू जात नाही, हे अंगणात झोपायची सवय असलेल्यांना लगेच जाणवलं असणार. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं येऊन पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. वातावरणात परतलेल्या चिनी रॉकेटचे ते अवशेष असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. अशा वेळी वेगवेगळ्या गावांतून काढलेले, वेळ आणि दिशा नीट कळणारे व्हिडिओ मार्ग आखायला उपयोगी पडतात. पण व्हॉट्सअॅपवरून फिरता फिरता फोटो आकसतो आणि फाइलमधली तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते. मग पाडव्याची रात्र आणि भलत्याच देशातली भलतीच रात्र एकाच मजकुराखाली हिंडत राहतात. मूळ फाइल जपून ठेवणं आणि खाली गाव, वार, वेळ लिहिणं हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोलाचं आहे.

अनपेक्षित गोष्ट दर वेळी आकाशातून पडायला हवी असंही नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं शेकडो पिढ्या तिथेच होती. त्यावरून गुरं जात, माणसं जात. काही ठिकाणी गावकऱ्यांना ती ठाऊकही होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव विचारत, सडे पालथे घालत त्यांची नोंद केली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्यावर उभं राहिलं तर हत्ती दिसत नाही, नुसत्या रेषा दिसतात. वरून फोटो घेतला की हत्ती उभा राहतो. २०२२मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

माणसांच्या बाबतीत आपलं दुर्लक्ष आणखी पक्कं असतं. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे, म्हणजे एका अर्थी आमच्याकडचेच. १ जुलै १९९८ला वेगळा होईपर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होता. मुंबईत वृत्तछायाचित्रकार असताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले: गटारात उतरलेली माणसं, कचऱ्याचे ढीग, त्यांची घरं. हे कामगार काही दडलेले नव्हते. अख्खं शहर रोज त्यांच्या शेजारून जात होतं. ओलव्यांना २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी त्या फोटोंतली अनपेक्षित गोष्ट म्हणजे आपण इतकी वर्षं काय पाहिलं नाही, ते.

आणि शकुंतला. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ही नॅरोगेज गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. तिचं मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. आता काही वर्षांपासून गाडी बंद आहे. वाफेच्या इंजिनांचे शौकीन लांबून येऊन तिचे फोटो काढून गेले. तिच्यातून बाजाराला जाणाऱ्या घरांत मात्र एखादा फोटो शोधून काढावा लागतो, आणि मिळाला तर त्यात पाव्हणे पुढे, डबा मागे अर्धा कापलेला. तो अर्धा डबाच आज पाहावासा वाटतो. पॅरिसमध्ये अजे नावाच्या छायाचित्रकाराने १९२७मध्ये मरेपर्यंत तीसेक वर्षं दुकानांच्या पाट्या, जिने, अंगणं टिपली आणि चित्रकारांना ‘संदर्भासाठी’ विकली. त्यातल्या बऱ्याच वास्तू पुढे पाडल्या गेल्या. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक, टॅलबट, याने तर १८४०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की काढणाऱ्याला त्या क्षणी न जाणवलेल्या कितीतरी गोष्टी फोटोत नंतर सापडतात.

धनजच्या माणसाला यासाठी पॅरिस नको, महागडा कॅमेरा तर नकोच. मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीवर लाल मखमली किडे निघतात, ते थोडेच दिवस. त्यांची तारीख दरवर्षी टिपली तरी पावसाची एक वही तयार होईल. नांगरामागे चालणारे बगळे आता ट्रॅक्टरमागे चालतात, त्याचाही एक फोटो हवा. सोहोळच्या अभयारण्याबाहेर, शेतात चरणारं काळवीट दिसलं तर फोटो लांबूनच काढावा. पळवत नेऊन काढलेल्या फोटोत फक्त त्याची भीती येते. लोकांचे फोटो विचारून काढावेत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आणि एक दृश्य असं की त्याची वेळ आधीच ठरलेली आहे. वाशीम जिल्हा साधारण वीस-साडेवीस अक्षांशांवर आहे, म्हणून मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच गडप होते. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, सव्वाबारा होऊन गेलेले असतात, कारण भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आहे आणि आपण तिच्या पश्चिमेला. ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी किंवा उपडा ठेवलेला तांब्या पुरतो. साडेबारापर्यंत दर दोन मिनिटांनी एक फोटो काढत राहायचं. गावागावांत तारीख थोडी पुढेमागे होते, त्यामुळे धनज आणि वाशीम अशा दोन्हीकडून कोणी फोटो काढले तर तो फरकही दिसेल. जुलैच्या उत्तरार्धात हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मेवरच भरवसा ठेवावा.