नऊचे आठ कसे झाले? प्लूटो आणि बटुग्रहांची कहाणी

आपल्या विद्यालयाच्या ज्या माजी विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण २००६ पूर्वी पूर्ण झाले, त्यांना सूर्यमालेतील ग्रहांची संख्या विचारली तर ते निःशंकपणे 'नऊ' असे उत्तर देतील. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून आणि शेवटी प्लूटो, ही यादी त्यांनी एका सुरात पाठ केलेली आहे. आज त्यांचीच मुले 'आठ' म्हणतात. विज्ञान प्रदर्शनात सूर्यमालेच्या प्रतिकृतीपुढे वडील आणि मुलगा यांच्यात यावरून वाद झालेला आम्ही पाहिला आहे. "मग आम्हांला शिकवले ते खोटे होते काय?" असा प्रश्न त्या पालकांनी आम्हांस विचारला. प्रश्न रास्त होता. मात्र त्याचे उत्तर उभ्या उभ्या दोन वाक्यांत देण्यासारखे नव्हते. ते सविस्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंचांगातील 'नवग्रह' आणि पाठ्यपुस्तकातील नऊ ग्रह यांचा परस्परांशी संबंध नाही. पंचांगातील नवग्रहांत सूर्य आणि चंद्र यांची गणना होते, पृथ्वीची होत नाही. राहू आणि केतू हे तर गोलच नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला ज्या दोन ठिकाणी छेदते, त्या बिंदूंची ती नावे आहेत. दोन्ही याद्यांत नऊ हा आकडा आला, हा केवळ योगायोग. तेव्हा प्लूटो यादीतून वगळला गेल्याने कोणाच्याही पत्रिकेत काही बिघडले नाही आणि सुधारलेही नाही.

नायगाव ते वरळी

प्लूटो किती दूर आहे, याची कल्पना आकड्यांवरून येत नाही. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर सुमारे ५९० कोटी किलोमीटर आहे, असे म्हटल्याने डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून हे अंतर आपल्या परिसरात मांडून पाहू.

नायगावच्या बीडीडी चाळींच्या पटांगणात सूर्य ठेवला आहे आणि त्यापासून १०० मीटरवर पृथ्वी आहे, असे समजा. या प्रमाणात सूर्य सुमारे ९३ सेंटीमीटर रुंदीचा गोळा होईल आणि पृथ्वी वाटाण्याहून किंचित मोठी. गुरू अर्ध्या किलोमीटरवर येईल. शनी साधारण एक किलोमीटरवर, म्हणजे दादर स्थानकाच्याही थोडा पलीकडे. नेपच्यून तीन किलोमीटरवर. आणि प्लूटो? तो सरळ रेषेत जवळजवळ चार किलोमीटरवर, म्हणजे वरळीच्या नेहरू तारांगणाच्या आसपास येईल. १९७७ पासून मुंबईच्या शाळकरी मुलांना आकाश दाखविणाऱ्या त्या घुमटाच्या दारात मोहरीचा एक दाणा ठेवावा, एवढाच या प्रमाणातील प्लूटो. नायगावात उभे राहून वरळीतील तो दाणा शोधणे जितके कठीण, तितकेच प्लूटोला शोधणे कठीण होते.

बागलकोटचे शिक्षक

या शोधाच्या इतिहासात एका मराठी माणसाचे नाव आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४ ते १९३०) हे तत्कालीन मुंबई इलाख्यातील बागलकोट येथे शिक्षक होते. 'ज्योतिर्गणित' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. जुन्या पंचांगांचे गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाही, हे ओळखून त्यांनी ते नव्याने मांडले.

नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे अनुमान केतकरांनी १९११ मध्ये फ्रान्समधील खगोलशास्त्र संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. गुरूच्या आतील मोठ्या उपग्रहांच्या भ्रमणकाळांत जे ठरावीक प्रमाण आढळते, तसेच प्रमाण दूरच्या ग्रहांतही असावे, असा त्यांचा तर्क होता. या दोन ग्रहांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. पहिल्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे, असे त्यांचे गणित होते. एकोणीस वर्षांनी प्लूटो सापडला. त्याचे अंतर ३९.५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४८ वर्षे भरला.

हे आकडे वाचून आपली छाती अभिमानाने फुगते. ते स्वाभाविकही आहे. परंतु येथे थोडे थांबले पाहिजे. केतकरांनी अंतर आणि काळ सांगितला, पण तो ग्रह आकाशात नेमका कोठे दिसेल हे सांगितले नव्हते. त्यांचा दुसरा ग्रह कधीच सापडला नाही. उत्तर जवळ आले म्हणून रीत बरोबर होती, असे ठरत नाही. गणिताच्या वहीत आपण विद्यार्थ्यांना हेच सांगत असतो. केतकरांचा खरा मोठेपणा निराळा आहे. मोठी वेधशाळा हाताशी नसताना एका शाळामास्तराने जगातील विद्वानांपुढे आपले अनुमान आकड्यांसह मांडले आणि ते तपासण्याची संधी सर्वांना दिली. जे चूक ठरू शकते असेच विधान करणे, हे धाडस विज्ञानाला लागते.

गारपिटीने अडवलेला विद्यार्थी

प्लूटो प्रत्यक्ष शोधला तो क्लाइड टॉमबॉ या तरुणाने. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातील हा शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीने शेतातील पीक झोपवले आणि त्याचे महाविद्यालयात जाण्याचे स्वप्न विरले. तरीही त्याने स्वतःच्या हातांनी दुर्बिणी बनविल्या, मंगळ आणि गुरूची निरीक्षणे करून चित्रे काढली आणि ती ॲरिझोनातील लॉवेल वेधशाळेकडे पाठविली. चित्रे पाहून वेधशाळेने १९२९ मध्ये त्याला कामावर बोलावले.

वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांनीही नेपच्यूनपलीकडे एक मोठा ग्रह असल्याचे गणित मांडले होते. १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले तरी शोध थांबला नव्हता. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे आळीपाळीने पाहायची आणि हजारो स्थिर ठिपक्यांतून जागा बदललेला एखादा ठिपका हुडकायचा, असे टॉमबॉचे काम होते. १८ फेब्रुवारी १९३० रोजी तो ठिपका सापडला. टॉमबॉचे वय तेव्हा २४ वर्षे होते आणि त्याच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. ती त्याने पुढे १९३६ मध्ये मिळविली. १३ मार्च १९३० रोजी शोधाची घोषणा झाली आणि ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या शाळकरी मुलीने सुचविलेले 'प्लूटो' हे नाव स्वीकारले गेले.

आकसत गेलेला ग्रह

लॉवेल यांच्या गणितानुसार हा ग्रह पृथ्वीहून कितीतरी पट जड असायला हवा होता. प्रत्यक्षात प्रत्येक नव्या मोजणीत प्लूटो लहानच होत गेला. १९७८ मध्ये त्याचा शॅरन हा उपग्रह सापडला आणि उपग्रहाच्या गतीवरून प्लूटोचे वस्तुमान काढता आले. ते पृथ्वीच्या वस्तुमानाच्या पाव टक्क्याहूनही कमी निघाले. प्लूटोचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर आहे. आपला चंद्र त्याहून बराच मोठा आहे. पुढे व्हॉयेजर-२ या यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजून दिले, तेव्हा लॉवेल यांच्या मोठ्या ग्रहाची गरजच उरली नाही. प्लूटो त्यांच्या गणिताजवळ सापडला, तोही योगायोगच ठरला.

१९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक छोटा गोल आढळला. त्यानंतर असे गोल सापडतच गेले. प्लूटो एकटा नव्हता, तर बर्फाळ गोलांच्या एका विस्तीर्ण वस्तीतील एक रहिवासी होता. या वस्तीला 'कायपर पट्टा' म्हणतात. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एरिसचा शोध जाहीर केला. एरिसचा आकार जवळपास प्लूटोएवढाच, मात्र वस्तुमान त्याहून अधिक. आता दोनच मार्ग उरले: एरिसला दहावा ग्रह म्हणायचे आणि पुढे सापडणाऱ्यांसाठी यादी वाढवीत जायचे, किंवा 'ग्रह' म्हणजे काय, हे एकदा ठरवायचे.

२४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या अधिवेशनात मतदानाने व्याख्या ठरली. ग्रह होण्यास तीन अटी आहेत. तो सूर्याभोवती फिरत असावा. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने त्याला जवळजवळ गोल आकार आलेला असावा. आणि आपल्या कक्षेच्या परिसरातील इतर वस्तू त्याने दूर सारलेल्या असाव्यात. पहिल्या दोन अटी पाळणारा, तिसरी न पाळणारा आणि कोणाचा उपग्रह नसलेला गोल तो 'बटुग्रह'. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच बटुग्रह आज मान्य आहेत. तिसरी अट गोलाच्या अंगच्या गुणांविषयी नसून त्याच्या शेजाराविषयी आहे, यावर काही शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

यातील सेरेसची कथा प्लूटोच्या आधीची. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारा हा गोल १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांनी शोधला. सुमारे अर्धे शतक तो ग्रह म्हणून गणला गेला, पुढे लघुग्रह ठरला आणि २००६ मध्ये बटुग्रह झाला. म्हणजे यादी दुरुस्त होण्याची ही पहिली वेळ नव्हती.

दोन याने, दोन नवी जगे

'बटु' हे नाव ऐकून या गोलांत पाहण्यासारखे फारसे नसेल, असे कोणास वाटेल. २०१५ या एका वर्षाने तो समज पुसून टाकला.

'डॉन' हे यान ६ मार्च २०१५ रोजी सेरेसच्या कक्षेत पोहोचले. झेनॉन वायूच्या विद्युत्भारित कणांचा अतिशय सौम्य झोत वर्षानुवर्षे सोडून ते पुढे जात होते. व्हेस्टा आणि सेरेस अशा दोन गोलांभोवती फिरलेले हे पहिलेच यान. सेरेसवरील ऑकेटर या विवरात चमकणारे पांढरे डाग दिसत होते. ते क्षारांचे, मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे थर निघाले. पृष्ठभागाखालील खारे पाणी वर येऊन आटले आणि क्षार मागे राहिले.

'न्यू होरायझन्स' हे यान १९ जानेवारी २००६ रोजी निघाले तेव्हा प्लूटो ग्रह होता. सात महिन्यांनी तो बटुग्रह झाला. यानाने मार्ग बदलला नाही. साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले. वेग ताशी सुमारे ५०,००० किलोमीटर असल्याने तेथे थांबणे शक्यच नव्हते. त्या थोड्या तासांत टिपलेली सर्व माहिती पृथ्वीवर पोहोचण्यास सव्वा वर्षाहून अधिक काळ लागला. उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही प्लूटो निर्जीव दगडासारखा नव्हता. गोठलेल्या नायट्रोजनचे सुमारे हजार किलोमीटर रुंदीचे मैदान, पाण्याच्या बर्फाचे हजारो मीटर उंच डोंगर आणि निळसर धुक्याचे थर तेथे आढळले. हृदयाच्या आकाराच्या त्या उजळ प्रदेशाला टॉमबॉचे नाव दिले आहे. १९९७ मध्ये निवर्तलेल्या टॉमबॉच्या अस्थींचा थोडा अंश याच यानात ठेवलेला आहे. गारपिटीने ज्याची महाविद्यालयाची वाट अडवली, तो अशा रीतीने आपण शोधलेल्या जगाजवळून गेला.

भारतातूनही प्लूटोचा अभ्यास झाला आहे. ६ जून २०२० रोजी प्लूटो एका दूरच्या ताऱ्यासमोरून गेला. नैनितालजवळील देवस्थळ येथील दुर्बिणींनी त्या ताऱ्याचा प्रकाश कसा मंदावतो, हे नोंदविले. त्यावरून प्लूटोच्या वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाएवढा असल्याचे निश्चित झाले.

त्या पालकांना उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याला शिकविले ते खोटे होते काय? नव्हते. उपलब्ध पुराव्यांवर उभे असलेले ते त्या काळचे ज्ञान होते. पुरावे वाढले, तेव्हा ज्ञान दुरुस्त झाले. प्लूटो २३ ऑगस्ट २००६ रोजी जसा होता तसाच २५ ऑगस्टलाही होता. बदलला तो आपण त्याला दिलेला वर्ग. वर्गवारी माणसे करतात, आपल्या सोयीसाठी करतात, आणि ती चुकीची किंवा अपुरी वाटली तर बदलण्याचा अधिकारही माणसांनाच असतो. एखाद्याला कोणत्या रकान्यात बसविले, यावरून त्याचे मोल ठरत नाही.

म्हणून घरी हा वाद पुन्हा निघाला, तर वडिलांनी हार मानू नये आणि मुलानेही जिंकल्याचा आनंद मानू नये. 'नऊ' किंवा 'आठ' हे उत्तर पाठ असणे ही लहान गोष्ट आहे. नऊचे आठ कोणत्या पुराव्याने झाले, हे सांगता येणे ही मोठी. ज्यांना शाळेची पायरी चढण्यासाठीच झगडावे लागले, त्यांच्या मुलांना आपण केवळ उत्तरे देऊन भागणार नाही. उत्तर तपासण्याची सवयही दिली पाहिजे.

१९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोची तेव्हापासूनची पहिली प्रदक्षिणा २१७८ मध्ये पूर्ण होईल. तोपर्यंत ही यादी कदाचित पुन्हा बदलेल. ती बदलणारा एखादा विद्यार्थी आज आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर, मुंबईच्या दिव्यांनी फिकट झालेल्या आकाशात, तारे शोधत असेल. त्याला दुर्बीण मिळवून देणे आपल्याला शक्य आहे. निदान त्याच्या प्रश्नाला 'गप्प बस' असे उत्तर मिळणार नाही, एवढी काळजी तर आपण सर्वजण घेऊ शकतो.