शिक्षेऐवजी संवाद : ओकलंडच्या शाळांतील प्रयोग

शाळेत मारामारी झाली की दोषी विद्यार्थ्यास काही दिवस घरी बसविणे, ही रुळलेली शिक्षा. परंतु त्या दिवसांत त्याचा अभ्यास बुडतो, महाविद्यालयाची वाट दूर जाते. आणि ज्याला इजा झाली, त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे नागरी हक्कांच्या वकील फानिया डेव्हिस यांनी २००५ साली ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस फॉर ओकलंड यूथ’ ही संस्था उभी केली. २००७ मध्ये कोल मिडल स्कूलमध्ये तिचा शालेय प्रयोग सुरू झाला. या पद्धतीत दोषी, दुखावलेला, शिक्षक व पालक वर्तुळात बसतात. एक वस्तू हातोहात फिरते. ती ज्याच्या हाती, त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे. कोणता नियम मोडला, यापेक्षा कोणाला इजा झाली व तिची भरपाई कोणी करावी, याचा विचार होतो. कोलमधील निलंबने पुष्कळ घटली. २०१० साली ओकलंडच्या शाळा मंडळाने ही पद्धत धोरण म्हणून स्वीकारली.

ही चुकीला दिलेली सूट नव्हे. ज्याला दुखावले, त्याच्यासमोर बसून कबुली देणे घरी बसण्याहून कठीण असते. मात्र त्यानंतर विद्यार्थी पुन्हा आपल्या वर्गात, आपल्या बाकावर बसतो.