आधी निवारा, मग लाड

पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळणारा ‘बॉल पायथन’ हा बिनविषारी अजगर अमेरिका-युरोपात अनेकजण घरी पाळतात. भ्याला की तो डोके आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो. मुलांना हा खेळ वाटतो. पण ती त्याची भीती असते. म्हणून नवा अजगर आणल्यावर निदान आठवडाभर त्याला हाताळू नये. पेटीची उबदार बाजू सुमारे ३२, तर थंड बाजू २६ अंश सेल्सिअस ठेवावी. दोन्हीकडे लपायला जागा व प्यायला पाणी असावे. सुरुवातीला त्याने उंदीर नाकारला तर घाबरू नये. मात्र वजन घटल्यास पशुवैद्याला दाखवावे. हा जीव वीस-तीस वर्षे जगतो. हौस सरल्यावर टाकून देणाऱ्याने तो आणूच नये!