विश्लेषण : वाळवंटातील अल्ट्रामॅरेथॉनची तयारी अर्नाळ्याच्या वाळूत होऊ शकते का?

वसई-विरार महापालिकेची मॅरेथॉन किंवा मुंबई मॅरेथॉन धावून झाली, की अनेक हौशी धावपटूंना पुढचे आव्हान खुणावू लागते. त्यातले एक म्हणजे वाळवंटातील अल्ट्रामॅरेथॉन. ही धाव एखाद्या सामाजिक संस्थेच्या निधीसाठी असेल, तर नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि कार्यालयातले सहकारीही देणगीच्या रूपाने तिच्यात सहभागी होतात. विरार स्थानकापासून साधारण दहा किलोमीटरवर असलेल्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळू भरपूर आहे. पण वाळवंटाच्या तयारीला ती पुरेशी आहे का? आणि लोकांच्या देणग्या घेऊन धावताना कोणती काळजी घ्यायची?

अल्ट्रामॅरेथॉन म्हणजे काय?

४२.१९५ किलोमीटरच्या पूर्ण मॅरेथॉनपेक्षा लांब असलेली कोणतीही धाव म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. वाळवंटातील शर्यतींत सर्वाधिक गाजलेली शर्यत मोरोक्कोतील ‘मॅरेथॉन दे साब्ल’. फ्रान्सच्या पॅट्रिक बाऊर यांनी १९८४ मध्ये सहारा वाळवंटातून एकट्याने सुमारे ३५० किलोमीटरची पायपीट केली. त्यातून १९८६ मध्ये ही शर्यत सुरू झाली. सुमारे २५० किलोमीटरचे अंतर टप्प्याटप्प्याने आठवडाभरात कापायचे असते. एक टप्पा तर ८० किलोमीटरच्या आसपास असतो. जेवण, झोपण्याची पिशवी, कंपास, शिट्टी असे सगळे सामान स्पर्धकाने पाठीवर वाहायचे. आयोजक पाणी आणि रात्रीचा तंबू देतात. रोज किमान २,००० किलोकॅलरी मिळतील एवढे अन्न सोबत असावे, असा नियम आहे. त्यामुळे इथे वेगापेक्षा सहनशक्ती आणि शिस्त महत्त्वाची ठरते. बरेच स्पर्धक अंतराचा मोठा भाग धावून नव्हे, तर झपाझप चालून पार करतात.

भारतात अशा शर्यती कुठे होतात?

राजस्थानात जैसलमेर ते लोंगेवाला या मार्गावर ‘द बॉर्डर’ ही शर्यत डिसेंबरमध्ये होते. ती थरच्या वाळवंटातून जात असली, तरी मुख्यतः डांबरी रस्त्यावरून. तिथे वाळूपेक्षा दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांतली तफावत जास्त त्रास देते. लडाख हे थंड वाळवंट. तिथली ‘ला अल्ट्रा – द हाय’ ही शर्यत २०१० मध्ये सुरू झाली. पुण्याचे आशीष कासोदेकर यांनी २०१९ मध्ये तिचा ५५५ किलोमीटरचा गट पूर्ण केला. पुढे त्यांनी सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन धावून गिनेस विक्रमही नोंदवला. पुण्यात राहून लडाखची उंची अनुभवता येत नाही, तसेच अर्नाळ्यात राहून सहाराची हवा मिळत नाही. घराजवळ जे मिळते त्यावर पाया घालायचा आणि जे मिळत नाही त्याची वेगळी तजवीज करायची, हाच मार्ग उरतो.

वाळूत धावणे इतके जड का जाते?

डांबरी रस्त्यावर पाऊल टेकले, की जमीन ते परत ढकलते. कोरड्या वाळूत पाऊल खचते आणि लावलेल्या जोराचा मोठा भाग वाळू सरकवण्यातच जातो. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, कडक पृष्ठभागाच्या तुलनेत वाळूत धावताना सुमारे १.६ पट, तर चालताना २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे रस्त्यावरचा वेग वाळूत टिकवायचा हट्ट धरला, तर दम लवकर संपतो. वाळूत छोटी पावले टाकणे, शरीर किंचित पुढे झुकवणे आणि वेगाऐवजी श्वासाकडे किंवा नाडीच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवणे उपयोगी पडते.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सराव कसा करावा?

किनाऱ्यावर वाळूचे दोन पट्टे मिळतात. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू कडक असते, तर सुरूच्या झाडांकडची कोरडी वाळू भुसभुशीत. सुरुवात ओल्या वाळूवरून करावी. कोरड्या वाळूत आधी १५-२० मिनिटे फक्त चालावे आणि हा वेळ आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवावा. घाई केली, तर पोटरी आणि टाचेमागची शीर आधी तक्रार करते. किनारा समुद्राच्या दिशेने उतरता असल्याने एकाच बाजूने धावत राहिल्यास एका पायावर जास्त ताण येतो. म्हणून जेवढे जाल तेवढेच त्याच पट्ट्यातून परत यावे. घरून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळ सराव टाळावा. काचा, जुन्या जाळ्यांचे तुकडे यांमुळे अनवाणी धावणे धोक्याचे. किनारा हे मच्छीमारांचे कामाचे ठिकाण आहे, हेही विसरू नये. होड्या, जाळी आणि मासळी सुकवण्याच्या जागा सोडूनच धावावे.

पाठीवरच्या ओझ्याचा सराव वेगळा करावा लागतो. दोन-तीन किलोपासून सुरुवात करून शर्यतीच्या वजनापर्यंत हळूहळू जावे. शनिवारी लांब अंतर आणि रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा मध्यम अंतर, ही जोडी अनेक दिवसांच्या शर्यतीसाठी सर्वांत उपयोगी. ज्या बुटांत आणि मोज्यांत शर्यत धावायची, त्यातच हा सराव करावा. उष्णतेने पाय सुजतात, म्हणून बूट थोडे मोठे घेतात. वाळू आत जाऊ नये यासाठी बुटांवरून घोट्यापर्यंत कापडी आवरण चढवतात. वाळवंटात अनेकांची शर्यत दमामुळे नाही, तर फोडांमुळे बिघडते.

इथल्या दमट हवेतला सराव कोरड्या उन्हात चालतो का?

बऱ्याच अंशी चालतो. रोज तासभर उष्ण हवेत व्यायाम केला, तर साधारण १० ते १४ दिवसांत शरीर जुळवून घेते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि त्याच कामासाठी हृदयाचे ठोके कमी पडतात. मोरोक्कोची शर्यत बहुतेक वेळा एप्रिलमध्ये असते आणि आपल्याकडे मार्चमध्ये उकाडा सुरू होतो, हा योगायोग पथ्यावर पडणारा आहे. मात्र सराव थांबला, की हे बदल दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागतात. त्यामुळे उन्हाचा सराव शर्यतीच्या तोंडावरच हवा.

मात्र घामाचे गणित दोन्ही ठिकाणी वेगळे असते. किनाऱ्यावर हवेत बाष्प जास्त, त्यामुळे घाम वाळत नाही, अंगावरून निथळतो. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. वाळवंटात तो इतक्या झटपट वाळतो, की कपडे कोरडेच राहतात आणि किती पाणी गेले हे कळतच नाही. अर्नाळ्यात ओल्या टी-शर्टवरून अंदाज बांधायची सवय लागलेला धावपटू तिथे फसू शकतो. उपाय सोपा आहे. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे, मध्ये प्यायलेले पाणी त्यात धरावे. एक किलो वजन घटले, तर साधारण एक लिटर घाम गेला. वेगवेगळ्या हवामानातल्या अशा नोंदी वहीत ठेवल्या, तर स्वतःची गरज कळते.

जास्त पाणी पिणेही धोक्याचे असते का?

होय. तासन्तास घाम गाळताना केवळ साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. त्याचे प्रमाण प्रतिलिटर १३५ मिलिमोलच्या खाली गेले, तर मळमळ, डोकेदुखी, हातापायांना सूज, गोंधळल्यासारखे होणे आणि पुढे झटके, असा त्रास होऊ शकतो. ही लक्षणे पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात. म्हणून आणखी पाणी पाजले जाते आणि प्रकृती बिघडते. तहानेप्रमाणे पाणी आणि सोबत खारट पदार्थ किंवा क्षारांचे द्रावण, हे साधे सूत्र. शर्यतीत जे खायचे, ते सरावातच खाऊन पाहावे. दुखते म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेऊन धावणे टाळावे. शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

धोका कितपत खरा आहे?

१९९४ मध्ये इटलीचे माजी ऑलिम्पिकपटू मॉरो प्रॉस्पेरी सहारातील वादळात वाट चुकले आणि कित्येक दिवसांनी थेट अल्जीरियात सापडले. २०२१ मध्ये ही शर्यत ऑक्टोबरमध्ये झाली. प्रचंड उष्णता आणि पोटाच्या विकारांमुळे जवळपास निम्म्या स्पर्धकांना माघार घ्यावी लागली. एका स्पर्धकाचा मृत्यूही झाला. त्याच वर्षी मे महिन्यात चीनच्या गान्सू प्रांतातील १०० किलोमीटरच्या शर्यतीत २१ धावपटू दगावले, तेही उन्हाने नव्हे, अचानक आलेल्या थंड वाऱ्या-पावसाने. कोरड्या, ओसाड प्रदेशात थंडीही जीव घेते.

आपल्या जवळचे उदाहरणही विसरता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात उघड्यावर बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती माणसे धावत नव्हती. त्यामुळे किनारपट्टीवर भर दुपारचा सराव एकट्याने कधीही करू नये. सोबती हवा, सावली हवी, फोन हवा. धावणारा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. आधी पाणी ओतून, बर्फ लावून अंग थंड करायचे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची. तयारी सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

देणगीचा पैसा कुठे जातो?

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होत आहे. धावपटूंनी संस्थांसाठी निधी उभारण्याची पद्धत आपल्याकडे तिथूनच ओळखीची झाली. परदेशातील वाळवंटी शर्यतींचे प्रवेशशुल्कच लाखांच्या घरात जाते. विमान, व्हिसा, विमा आणि सामान वेगळे. त्यामुळे देणगीदाराने पहिला प्रश्न हाच विचारावा, की धावपटूचा खर्च माझ्या देणगीतून निघणार आहे का? काही संस्था धावपटूला प्रवेश मिळवून देतात आणि त्याबदल्यात ठरावीक रक्कम जमवण्याची हमी घेतात. यात गैर काही नाही, पण ते आधी सांगितलेले असावे. खर्च स्वतःचा आणि देणगी पूर्णपणे संस्थेची, ही सर्वांत स्वच्छ पद्धत.

पैसे धावपटूच्या वैयक्तिक खात्यात न देता थेट संस्थेच्या खात्यात द्यावेत. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी पाहावी, पावती घ्यावी. ‘८०-जी’ या नावाने ओळखली जाणारी करसवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते आणि २,००० रुपयांहून जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक देणगी देणार असतील, तर संस्थेकडे परदेशी देणग्या स्वीकारण्याची ‘एफसीआरए’ नोंदणी असणे आवश्यक आहे.

धावपटूने अर्ध्यावर माघार घेतली तर?

हा प्रश्न शर्यतीआधीच सोडवायला हवा. ‘शर्यत पूर्ण केलीस तरच पैसे’ किंवा ‘दर किलोमीटरला इतके रुपये’ अशी बोली असेल, तर दुखावलेल्या पायाने, चक्कर येत असताना पुढे जाण्याचा दबाव वाढतो. शे-दोनशे माणसांना शब्द दिला आहे, या भावनेने थांबण्याचा निर्णय लांबतो. वाळवंटात हा उशीर जीवावर बेतू शकतो. म्हणून देणगी धाव सुरू होण्यापूर्वीच संस्थेला मिळावी आणि अंतराशी तिचा संबंध नसावा. ‘डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर मी थांबेन, देणगी मात्र संस्थेकडेच राहील,’ हे आवाहनाच्या संदेशातच लिहावे.

पूर्ण मॅरेथॉन पचवलेल्या धावपटूने या तयारीसाठी किमान सहा ते आठ महिने धरावेत. या काळात अर्नाळ्याची वाळू पाय घडवील आणि मार्चचा उकाडा शरीराला उन्हाची सवय लावील. रात्रीची थंडी, कोरडी हवा आणि सलग काही दिवसांचे ओझे यांची ओळख मात्र थर किंवा कच्छसारख्या ठिकाणी एखादी छोटी शर्यत धावून आधी करून घ्यावी लागेल.