शहर पायी पायी : दरवाजाच्या आतलं अहमदाबाद

अहमदाबादच्या जुन्या शहरातली पोळ, म्हणजे एका बोळाभोवती वसलेली घरांची बंदिस्त वस्ती, ओळखायची ती तिच्या दरवाजावरून. गांधी रोडवरच्या किंवा रिलीफ रोडवरच्या दुकानांच्या रांगेत मध्येच एक कमान लागते. कमानीवर छोटी खोली आणि खाली दोन्ही बाजूंना भिंतीला टेकलेली जाड लाकडी दारं. आता ही दारं बहुतेक ठिकाणी मिटत नाहीत, काही कमानींत नुसत्या बिजागऱ्या उरल्या आहेत. तरी चौकट बघून जुनी व्यवस्था कळते. मोठ्या दाराच्या एका फळीत माणूस वाकून आत जाईल एवढाच दिंडी दरवाजा असे. रात्री मोठं दार लागलं की उशिरा आलेल्याने दिंडीवर थाप मारायची आणि पहारेकऱ्याला ओळख पटली तरच आत यायचं. या पहारेकऱ्याला तिथे पोळियो म्हणत. वरची खोली त्याचीच.

पोळबद्दल वाचकांनी एकच शंका पुन्हा पुन्हा विचारली आहे : पोळला दरवाजा एकच आणि बोळ शेवटी बंद, तर आग लागली किंवा हल्ला झाला तर आतली माणसं अडकत नसत का? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर पोळच्या रचनेतच आहे.

दरवाजातून आत गेल्यावर वाट सहसा सरळ जात नाही. थोड्याच अंतरावर ती वळते, त्यामुळे कमानीत उभं राहून आतलं काही दिसत नाही. दुतर्फा तीन-तीन मजली घरं असतात आणि वरचे मजले कोरीव लाकडी आधारांवर पुढे आलेले असतात. अरुंद बोळात त्यांच्यामुळे दिवसभर सावली राहते आणि गुजरातच्या उन्हाळ्यात ती फार मोलाची आहे. मुख्य वाटेला झाडाच्या फांद्यांसारख्या उपवाटा फुटतात. काही घरांचा मिळून एक गट, ती खडकी. वाटेतून आत शिरलेला बंद कोपरा, तो खांचो. खडकीला पुन्हा आपला वेगळा दरवाजा असू शकतो. म्हणजे रस्त्यापासून माजघरापर्यंत पोचायला तीन दारं ओलांडावी लागत.

वाट जिथे रुंदावते तिथे पोळचा चौक. मंदिर किंवा देरासर (जैन मंदिर), विहीर, सूचनांचा काळा फळा आणि चबुतरो या चौकातच सापडतात. चबुतरो हे पक्ष्यांना दाणे घालण्याचं ठिकाण. एक उंच खांब, त्याच्या डोक्यावर बहुधा अष्टकोनी पेटी आणि तिच्यावर छप्पर, अशी त्याची ठेवण. खांब लाकडी असेल तर त्याच्यावरचं कोरीवकाम शेजारच्या हवेलीच्या तोडीचं असतं. दाणे शिडी लावून वर ठेवायचे, म्हणजे मांजराला तिथे पोचता येत नाही. आजही कितीतरी चबुतऱ्यांवर सकाळी नेमाने धान्य पडतं.

आता वाचकांची शंका. बोळाच्या टोकाला जे शेवटचं घर दिसतं ते दर वेळी घर असतंच असं नाही. चौकट घराची, उंबरा घराचा. पण दार ढकलून आत गेलं की अंधाऱ्या बोळकांडीतून वाट थेट पलीकडच्या पोळमध्ये निघते. तर कधी ती खरोखरच राहत्या घराच्या पडवीतून जाते. या चोरवाटा पोळमधल्या लोकांना ठाऊक, परक्याला नाही. पाठलाग करणारा बोळात शिरला की भिंतीसमोर उभा राही. पोळकर मात्र दोन गल्ल्या पलीकडे पोचलेला असे. बंद बोळ पोळवासीयांसाठी कधीच पूर्ण बंद नव्हता.

ही व्यवस्था टिकवायला पैसा आणि शिस्त, दोन्ही लागत. ते काम पोळच्या पंचाचं. १८७९च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात पोळचे नियम नोंदलेले आहेत. घर विकायचं किंवा गहाण टाकायचं तर आधी पोळमधल्या माणसांना विचारायचं, बाहेरच्याला नंतर. विक्रीतला काही भाग पोळच्या फंडात जायचा, लग्नकार्याला वर्गणी पडायची, नियम मोडणाऱ्याला दंड व्हायचा. दरवाजाची दुरुस्ती आणि पहारा यांचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा.

शहर १४११चं आणि माणेक चौकाजवळची मुहूर्त पोळ सर्वांत जुनी मानतात. पण दारं घट्ट झाली ती मुख्यतः अठराव्या शतकात. मोगल सुभ्याची पकड सुटली होती आणि शहर कोणाचं हे दर काही वर्षांनी बदलत होतं. १७३७ साली मोगल सुभेदार मोमीन खानाने निम्मा वसूल देऊ करून दामाजी गायकवाडांची मदत घेतली. १७५३ साली राघोबादादा आणि दामाजी यांनी शहर जिंकलं, १७५६ साली ते हातचं गेलं, १७५८ साली पुन्हा घेतलं. त्यानंतर १८१७ पर्यंत तिथे पेशवे आणि गायकवाड यांचा सामाईक कारभार होता. पोळच्या कड्याकुलपांमागे ज्यांची धास्ती होती त्यांत मराठी फौजाही होत्या, हे मराठी वाचकाने मोकळेपणी मान्य करावं. त्याच राजवटीची दुसरी खूण तीन दरवाजा या शहरातल्या जुन्या कमानी वेशीवर आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने १८१२ साली काढलेला हुकूम तिथे देवनागरीत कोरलेला आहे : वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींनाही वाटा द्यावा. बाजाराच्या गर्दीत त्या शिळेकडे कोणाची नजर जात नाही.

पोळ ओस पडू लागली ती वेढ्याने किंवा आगीने नव्हे. १८९२ साली साबरमतीवर एलिस ब्रिज झाला, नदीपलीकडे मोकळ्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि ऐपत असलेली कुटुंबं तिकडे निघाली. त्यांच्या घरांत गोदामं आली. १९९७ साली महापालिकेने कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळची हेरिटेज वॉक सुरू केली आणि २०१७ साली जुन्या शहराला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. या वॉकमध्ये लांबेश्वरनी पोळ लागते, तिथल्या चौकात कवी दलपतरामांचा बसलेला पुतळा आहे आणि पुढे एक चोरवाटही पार करता येते.

आपलं आपण फिरायचं तर सकाळी लवकर, दुकानं उघडण्याआधी जावं. बंद बोळ दिसला म्हणून लगेच मागे फिरू नये. ओट्यावर बसलेल्या कोणालाही पुढे रस्ता आहे का, असं विचारावं. विचारल्याशिवाय मात्र कोणतंही दार ढकलू नये, कारण त्यांतली बरीच दारं खरोखर घरांचीच आहेत.